तपासणीचा निकाल दारावर हवा

उपाहारगृहात शिरणाऱ्या ग्राहकास पदार्थाचा दर दिसतो, चव कळते. भटारखाना मात्र दिसत नाही. स्वच्छ आणि अस्वच्छ यांतील भेद जेथे गिऱ्हाइकास ओळखता येत नाही, तेथे स्वच्छतेवर पैसा खर्च करणारा मालकच तोट्यात जातो. हा बाजाराचा दोष आहे आणि केवळ दंडाने तो दूर होणारा नाही.

२००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याने अस्वच्छ स्थितीत अन्न तयार करणाऱ्यास एक लाख रुपयांपर्यंत दंड ठरविला. सुधारणेची नोटीस व परवाना रद्द करण्याची तरतूदही केली. परंतु परवाना भिंतीवर आणि तपासणीचा अहवाल सरकारी दप्तरात, अशी वाटणी झाली तर जेवणाऱ्याच्या पदरी काय पडणार?

लॉस एंजेलिस परगण्यात १९९८ पासून तपासणीची श्रेणी दर्शनी भागी लावली जाऊ लागली. त्यानंतर तपासणीतील गुण वाढले आणि अन्नजन्य आजारांनी रुग्णालयात दाखल होणारे घटले, असे जिन व लेस्ली या अर्थशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये दाखविले. वेल्सने २०१३ मध्ये अशी श्रेणी लावणे सक्तीचे केले. आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानेही श्रेणीची योजना आखली. पण ती ऐच्छिक ठेवली. ऐच्छिक दाखला घेणार तो ज्याचा भटारखाना आधीच स्वच्छ आहे तोच!

श्रेणीही विकत मिळेल, हा आक्षेप पोकळ नाही. तथापि दारावरील खोट्या दाखल्यास आजारी पडलेला ग्राहक जाब विचारू शकतो. दप्तरातील खोट्यास कोण विचारणार?