सुई कोठे चालली, ते दिसले पाहिजे

काजूचा हंगाम सरतो आणि पावसाची वाट पाहात आमची माणसे चार दिवस घरी बसतात, तेव्हाच नेमके खांदे आणि गुडघे बोलू लागतात. पेडण्याच्या डोंगरउतारावर दिवसभर ओणवे राहून बोंडे वेचणारी बाई असो, की डिचोलीच्या कुळागरात माडावर चढणारा पाडेली असो, दुखणे अंगावर काढायचे आणि अगदीच हात वर होईना झाला की डॉक्टरकडे जाऊन म्हणायचे, "एक इंजेक्शन द्या आणि मोकळे करा." डॉक्टरही पुष्कळदा देतो. बोटांनी चाचपून, हाडाचा अंदाज घेऊन. यात फसवणूक काही नाही, जुन्या वैद्यकाची ती रीतच आहे. पण अंदाजाची सुई कोठवर चालते आणि कोठे चालत नाही, याचा विचार आता आपण केला पाहिजे, असे आम्हांस वाटते.

शरीराच्या आतले चित्र पाहून हत्यार चालविण्याची कल्पना नवी नाही. राँटगेनने क्ष-किरण शोधले ते १८९५ साली, आणि पुढच्याच वर्षाच्या आरंभी इंग्लंडात बर्मिंगहॅम येथे एका बाईच्या हातात रुतलेली सुई हॉल-एडवर्ड्स या डॉक्टरने क्ष-किरणांच्या चित्रात दाखविली. ते चित्र समोर ठेवूनच शल्यवैद्याने ती काढली. त्याच हॉल-एडवर्ड्सला पुढे त्याच किरणांनी हात गमवावा लागला, हेही सांगून टाकावे. आज खांद्या-गुडघ्यासाठी बहुधा सोनोग्राफी वापरतात. तीत ते किरण नसतात, आवाजाच्या लहरी असतात. कातडीवर यंत्राचा दांडा टेकवला की पडद्यावर स्नायूंच्या दोऱ्या, हाडाची कड, साचलेले पाणी दिसते, आणि आत जाणारी सुई चकाकत्या रेघेसारखी दिसते. कण्यासारख्या खोल जागी सी-आर्म किंवा सीटी स्कॅन लागतो.

मग प्रत्येक इंजेक्शन असेच घ्यावे काय? नाही. खांद्याच्या दुखण्यावरील अशा इंजेक्शनांचे जगभरचे प्रयोग कॉक्रेन या संस्थेने २०२१ साली एकत्र तपासले, तेव्हा चित्र पाहून दिलेल्या आणि न पाहता दिलेल्या इंजेक्शनांत रुग्णाच्या दुखण्यापुरता म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. सरावलेल्या हाताला गुडघाही बहुतेक वेळा सापडतो. तेव्हा साध्या दुखण्याला "पडद्यावर बघून देतो" म्हणून कोणी दुप्पट पैसे सांगितले, तर दोन प्रश्न विचारण्यास लाजू नये.

खरी गरज वेगळ्या ठिकाणी आहे. खुब्याचा सांधा खोल असतो आणि मोठ्या रक्तवाहिन्या जवळून जातात. तेथे अंदाज नको. खांद्याच्या दोरीत चुन्यासारखा क्षार साचतो. तो सुईने फोडून धुऊन काढायचा तर दिसलाच पाहिजे. जखडलेल्या खांद्यात सांध्याची पिशवी सलाइनने फुगवून सैल करतात, तेही बघूनच केलेले बरे. आणि जखडलेला खांदा मधुमेह्यांत अधिक आढळतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मधुमेहाचे प्रमाण देशात सर्वांत जास्त निघाले ते आपल्या गोव्यात, २६.४ टक्के. म्हणजे हा प्रश्न दूरचा नाही, आपल्या ओसरीवरचाच आहे. ज्यांना साखर आहे त्यांनी एक गोष्ट गाठीला बांधावी: सांध्यात स्टेरॉइड घेतल्यावर काही दिवस रक्तातली साखर चढते. डॉक्टरला आधी सांगावे आणि त्या दिवसांत तपासत राहावे. नेम बरोबर साधला तरी औषध ते औषधच. अमेरिकेत गुडघ्याच्या १४० रुग्णांपैकी निम्म्यांना दर तीन महिन्यांनी, दोन वर्षे स्टेरॉइड दिले. त्यांच्या दुखण्यात सलाइन घेतलेल्यांहून वेगळा उतार पडला नाही, उलट कूर्चा अधिक झिजली. हे २०१७ साली छापून आले. दर हंगामाला एक इंजेक्शन मागणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

पाठीचे दुखणे तर निराळेच. महिनोन्‌महिने पाठ दुखते, संध्याकाळी अंग तापते, वजन उतरते आणि आपण तेल चोळीत बसतो. ते मणक्याचे क्षयही असू शकते. अशा वेळी सीटीच्या चित्रावर नेम धरून बारीक सुईने मणक्यातला तुकडा काढतात, आणि जंतू कोणता व त्याला कोणते औषध लागू पडेल, ते त्यावरून ठरते. पूर्वी ज्यासाठी पाठ उघडावी लागे, ते काम पुष्कळदा एका टोचणीवर भागते. या उपयोगासाठी खर्च आणि खेप दोन्ही सोसावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आता खेपेचे. पेडण्याहून बांबोळीला जायचे तर म्हापशाला बस बदला, पणजीला बदला. हात वर न होणाऱ्या माणसाने दांडीला कोणत्या हाताने धरायचे? सोनोग्राफीचे यंत्र गाडीत घालून गावोगाव फिरवा, असे कोणी म्हणतात. ते आम्हांस मान्य नाही. गर्भलिंगनिदान रोखणारा १९९४ चा कायदा यंत्राची नोंद मागतो, जागा ठरवून देतो, ते काही उगीच नव्हे. पोटातल्या मुलीला वाचविण्यासाठी तो आहे आणि आमच्या खांद्यासाठी तो सैल करू नये. पण तालुक्यात जेथे नोंदलेले यंत्र आहे, तेथे ते गरोदर बायांची तपासणी आटोपल्यावर झाकून का ठेवावे? आठवड्यातून एक दुपार सांध्यांसाठी राखावी, आणि हे काम शिकलेला डॉक्टर त्या दिवशी पेडण्याला व डिचोलीला पाठवावा, एवढीच आमची मागणी आहे. नवी इमारत नको, नवे यंत्र नको.

पंचायतीच्या येत्या ग्रामसभेत हा विषय मांडावा. आणि तोवर ज्यांना बांबोळीला जावेच लागेल त्यांनी दीनदयाळ कार्ड बरोबर न्यावे, त्यावर हे काम बसते की नाही ते खिडकीवर आधी विचारावे, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्यांची चिठ्ठी विसरू नये.