लिफ्टमन युजीन बुलार्ड

न्यूयॉर्क शहरात रॉकफेलर सेंटर नावाच्या टोलेजंग इमारती आहेत. १९५० नंतरच्या काळात तिथे एक वयस्कर काळा माणूस लिफ्ट चालवीत असे. दिवसभर साहेबलोकांना वर न्यायचे आणि खाली आणायचे. या लिफ्टमनच्या घरी फ्रान्सने दिलेल्या लष्करी पदकांची चौकट आहे, हे त्या साहेबांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. त्याचे नाव युजीन बुलार्ड.

त्याचा जन्म १८९५ सालचा, अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील कोलंबस गावचा. गुलामगिरी कायद्याने संपून तीस वर्षे झाली होती. तरीही जमावाने काळ्या माणसाला पकडून झाडाला लटकवावे आणि कोणालाही शिक्षा होऊ नये, अशी तिथली रीत होती. युजीनच्या वडिलांचे कामावरच्या गोऱ्या मुकादमाशी भांडण झाले आणि रात्री जमाव दारावर आला. ते कसेबसे वाचले. वडील मुलांना सांगत, फ्रान्समध्ये कातडीचा रंग पाहून माणसाला वागवत नाहीत. पोराने ते मनावर घेतले. लहानपणीच घर सोडले, १९१२ साली एका जर्मन जहाजात लपून तो स्कॉटलंडला उतरला आणि मुष्टियुद्धाच्या कुस्त्या मारीत पुढच्या वर्षी पॅरिसला पोहोचला.

१९१४ साली महायुद्ध पेटले. फ्रान्सच्या लष्करात परदेशी माणसांसाठी १८३१ सालापासून फॉरेन लीजन नावाचे वेगळे दल आहे. एकोणीस वर्षांचा बुलार्ड त्या ऑक्टोबरात आपण होऊन त्यात भरती झाला. मशीनगनवर लढला. १९१६ साली व्हर्दूनच्या भयंकर लढाईत तो जबर जखमी झाला. दुसरा कोणी पदक छातीला लावून स्वस्थ बसला असता. याने मित्राशी दोन हजार डॉलरची पैज लावली, की मी विमान चालवून दाखवीन! मे १९१७ मध्ये त्याला वैमानिकाचा परवाना मिळाला.

त्याच सुमारास अमेरिकाही युद्धात उतरली होती. फ्रान्सतर्फे उडणाऱ्या अमेरिकन स्वयंसेवकांना तिने आपल्या हवाई दलात घ्यायचे ठरवले. त्यांची तपासणी झाली. बुलार्ड तपासणीत पास झाला, पण त्याला घेतले नाही. गोऱ्यांखेरीज कोणी नको होते. परक्या देशाने ज्याच्या हाती विमान दिले, तो स्वतःच्या देशाला चालला नाही.

फ्रान्सही काही धुतल्या तांदळासारखा नव्हता, हेही सांगितले पाहिजे. आफ्रिकेतील आपल्या वसाहतींमधून याच युद्धासाठी त्याने काळ्या तरुणांची जबरदस्तीने भरती केली. बुलार्डलाही एका अधिकाऱ्याशी खटका उडाल्यावर हवाई दलातून काढून पुन्हा पायदळात धाडले. तरी युद्ध संपल्यावर तो पॅरिसलाच राहिला. ढोल वाजवला, नाइट क्लब चालवला, लग्न केले, दोन मुली झाल्या. १९४० साली हिटलरच्या फौजा आल्या तेव्हा चव्वेचाळिसाव्या वर्षी त्याने पुन्हा बंदूक उचलली, पुन्हा जखमी झाला आणि स्पेनमार्गे अमेरिकेला परतला.

मायदेशी त्याला कोण ओळखणार? मिळेल ते काम केले. पहारेकरी झाला, अत्तरे विकली, शेवटी लिफ्ट. १९४९ साली पीकस्किल इथे काळे गायक पॉल रोबसन यांच्या कार्यक्रमाला गेला असताना जमावाने आणि पोलिसांनी त्याला खाली पाडून झोडपले. त्याचे फोटो निघाले. शिक्षा कोणालाच झाली नाही.

१९५४ साली फ्रान्सने त्याला पॅरिसला बोलावून अज्ञात सैनिकाच्या समाधीवरची ज्योत चेतवण्याचा मान दिला. १९५९ मध्ये लीजन ऑफ ऑनर हा मोठा किताब दिला. तेव्हा कुठे रॉकफेलर सेंटरमधल्याच टेलिव्हिजनवाल्यांनी त्याची मुलाखत घेतली. तो लिफ्टमनच्या गणवेशातच कॅमेऱ्यापुढे बसला.

ऑक्टोबर १९६१ मध्ये तो वारला. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात, फ्रेंच माजी सैनिकांसाठी राखलेल्या जागेत, फॉरेन लीजनच्या गणवेशात त्याला पुरले. अमेरिकन हवाई दलाने त्याला सेकंड लेफ्टनंट केले ते १९९४ साली.