छप्पर नसलेली घरं

'युरोप ट्रिप' म्हटलं की आपल्याकडे पॅकेज ठरलेलं असतं. लंडनला बिग बेन, पॅरिसला आयफेल, स्वित्झर्लंडला बर्फ. बसमध्ये अंताक्षरी आणि परतल्यावर ऑफिसात चॉकलेटवाटप! वाईट काहीच नाही त्यात. पण एखाद्या वर्षी रजा आणि पैसे दोन्ही जुळून आले आणि सोबतीला जुनी मैत्रीण असली, तर नकाशावर इंग्लंडचा वरचा भाग शोधा. यॉर्कशर. तिथे बघायचं काय? तर पडके मठ आणि फुटके किल्ले.

माझी हॉस्टेलमधली रूममेट लीड्सला नोकरी करते. तिथून आम्ही भाड्याची गाडी काढली आणि चार दिवसांत पाच ठिकाणं केली. फाउंटन्स, रिचमंड, हेल्म्सली, रिव्हो आणि व्हिट्बी. (रिव्होचं स्पेलिंग वाचायला जाऊ नका, जीभ अडकेल.) पर्यटक म्हणून गेलात तर आपलं लायसन्स तिथे वर्षभर चालतं आणि गाडी डावीकडूनच हाकायची असते. त्यामुळे स्टिअरिंगची भीती नको. भीती बाळगायची ती दगडी कुंपणांमधल्या अरुंद रस्त्यांची आणि मधोमध ठाण मांडून बसणाऱ्या मेंढ्यांची.

या मेंढ्यांचा इथल्या मठांशी जुना संबंध आहे. ११३२ साली यॉर्कच्या एका सुखवस्तू मठातून तेरा जण बाहेर पडले. तिथलं जगणं त्यांना फारच आरामाचं वाटत होतं! रिपनजवळ स्केल नदीच्या काठी, ओसाड दरीत त्यांनी नवा मठ मांडला. तोच हा फाउंटन्स. पुढे ते सिस्टर्शियन पंथात गेले. न रंगवलेल्या लोकरीचे पांढरे झगे, कमीत कमी बोलणं आणि कडाक्याच्या थंडीत शेकायला एकच खोली. जगापासून लांब जायचं म्हणून ओसाड जमीन घेतली, त्या जमिनीवर मेंढ्या पाळल्या, ती लोकर थेट इटलीच्या व्यापाऱ्यांपर्यंत पोचली आणि साधं राहायला निघालेली मंडळी गडगंज झाली. कामकरी बंधूंसाठी बांधलेलं कमानींचं दालन नव्वद मीटरहून लांब आहे. त्याच्या या टोकाला उभं राहिलं की त्या टोकाचा माणूस बोटाएवढा दिसतो.

मग आला आठवा हेन्री. बायकोशी काडीमोड घ्यायचा म्हणून त्यानं पोपशीच काडीमोड घेतला. १५३६ ते १५४० या चार वर्षांत इंग्लंडमधले शेकडो मठ बंद झाले. रिव्हो १५३८ मध्ये, फाउंटन्स आणि व्हिट्बी १५३९ मध्ये. एवढ्या अवाढव्य इमारती मोडायच्या कशा? त्याची युक्ती साधी होती. छपरावरचं शिसं काढून वितळवायचं आणि विकायचं. पुढचं काम पाऊस करतो. रिव्होच्या उत्खननात शिशाच्या लगडी सापडल्या, त्यांच्यावर राजाचा शिक्का तसाच होता.

दगडांचं काय झालं? फाउंटन्सच्या आवारातच त्याचं उत्तर उभं आहे. फाउंटन्स हॉल नावाची देखणी हवेली १६०४ च्या सुमारास पुरी झाली. तिचे बरेचसे दगड शेजारच्या मठातले. मी म्हटलं, "चोर लेकाचे." मैत्रीण काहीच बोलली नाही. थोड्या वेळानं गाडीत बसल्यावर तिनं फोन माझ्यापुढे धरला. चुलतभावाची मेल होती. वाईचा वाडा बिल्डरला द्यायचं घरात ठरलंय. तिचाही हिस्सा असल्यामुळे तिच्या सहीवाचून अडलंय. कुलमुखत्यारपत्र जोडलंय, तेवढं सही करून पाठव.

त्या वाड्यात आम्ही दोघींनी कॉलेजच्या सुट्ट्या काढल्यात. माजघरातली गार फरशी, सागवानी खांब, जिन्याखालचा अंधार... सगळं डोळ्यांपुढे आलं. "अगं, नको देऊस!" मी लगेच म्हणून टाकलं. ती शांतपणे म्हणाली, "तू पुण्यात लिफ्टवाल्या फ्लॅटमध्ये राहतेस. काकू तिथे एकटी असते. पावसाळ्यात चार ठिकाणी पातेली ठेवते, आणि रात्री संडासला जायचं तर अख्खं अंगण ओलांडून." रिचमंड येईपर्यंत गाडीत फक्त नेव्हिगेशनची बाई बोलत होती.

रिचमंडचा किल्ला १०७० च्या दशकातला, खाली स्वेल नदी आणि वर तीस मीटर उंच बुरूज. पण मला तिथे अडवलं ते १९१६ सालानं. युद्धात माणूस मारणार नाही, असं म्हणणाऱ्या सोळा जणांना तेव्हा इथल्या कोठड्यांमध्ये ठेवलं होतं. त्यांना इथून फ्रान्सला नेलं, मृत्युदंड सुनावला आणि नंतर तो दहा वर्षं सक्तमजुरीवर आणला. इथे डांबलेल्या कैद्यांनी चुन्याच्या भिंतींवर पेन्सिलीनं लिहिलं, चित्रं काढली. आज तो चुना पोपडे धरून गळू नये म्हणून जिवापाड जपतात. आपल्या गडांवर कोळशानं काढलेल्या बदामांशी त्याची तुलना करू नका. काही लिखाण पुसायचं असतं आणि काही राखायचं, हे मात्र तिथे कळतं.

हेल्म्सलीला पोचलो तर अर्धाच मनोरा उभा. १६४४ मध्ये संसदेच्या सैन्यानं तीन महिने वेढा घालून हा किल्ला राजाच्या माणसांकडून घेतला आणि पुन्हा कुणाच्या उपयोगी पडू नये म्हणून तो मोडून टाकला. हे वाचताना मला अलंग-मदनच्या तुटक्या पायऱ्या आठवल्या. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली तेव्हा इंग्रजांनी सह्याद्रीतल्या कितीतरी गडांच्या वाटा अशाच सुरुंगानं उडवल्या. म्हणजे ही विद्या त्यांनी आधी घरच्या किल्ल्यांवर गिरवली होती तर! मैत्रीण हसली. दीड दिवसांत पहिल्यांदाच.

हेल्म्सलीपासून रिव्हो जेमतेम पाच किलोमीटर. शेतांतून, झाडीतून पायवाट जाते. गाडी ठेवा आणि चालतच जा. वळण संपतं आणि दरीत एकदम त्या कमानी दिसतात. छत नाही, काचा नाहीत. खिडक्यांमधून समोरची हिरवी टेकडी दिसते, खाली गवत कापून मऊ केलेलं. बाराव्या शतकात एलरेड इथला मठाधिपती होता. ११४७ ते ११६७, पुरी वीस वर्षं. त्यानं लॅटिनमध्ये मैत्रीवर एक ग्रंथ लिहिला, तोही संवादाच्या रूपात. कमी बोलायचं व्रत घेतलेल्या मठात! शेवटच्या आजारपणात त्याच्या खोलीत वीस-वीस, तीस-तीस जण जमायचे, खाटेवर बसून गप्पा मारायचे, असं त्याच्या शिष्यानं लिहून ठेवलंय.

तिथल्या गवतावर बसून आम्ही शेवटी बोललो. ती म्हणाली, "हे सुंदर दिसतं, कारण इथे कुणी राहत नाही. वाड्याला असं सुंदर करायचं तर आधी काकूला बाहेर काढायला हवं." मला उत्तर सुचलं नाही. मग मी विचारलं, "काकूला काय हवंय, हे तिला कुणी विचारलंय का?" आता तिला उत्तर सुचलं नाही. मेल चुलतभावाची, नकाशे बिल्डरचे, सही हिची. काकूचं नाव कागदावर कुठेच नव्हतं.

शेवटचा दिवस व्हिट्बीचा. हेदरच्या माळरानावरून रस्ता जातो. ऑगस्टमध्ये गेलात तर सगळं जांभळं असतं. गावातून १९९ पायऱ्या चढलं की समुद्राच्या कड्यावर मठ. ६५७ मध्ये हिल्ड नावाच्या बाईनं इथला पहिला मठ चालवायला घेतला. स्त्रिया आणि पुरुष दोघांचा मठ आणि प्रमुख ती! ६६४ मध्ये ईस्टर कधी साजरा करायचा हा वाद मिटवायला राजा आणि धर्मगुरू तिच्याकडे जमले होते. आजची पर्यटक मंडळी मात्र 'ड्रॅक्युला'साठी येतात. ब्रॅम स्टोकर १८९० मध्ये इथे राहिला होता, आणि १८९७ च्या त्याच्या कादंबरीत हे गाव आहे. वारा इतका की मैत्रिणीनं काकूला लावलेला फोन तिला भिंतीआड बसून करावा लागला.

काकूला वाडा सोडायचा नव्हता, आणि तसाच ठेवायचाही नव्हता. तिला हवं होतं न गळणारं छप्पर, घरात बाथरूम आणि दारातली तुळस. मैत्रिणीनं चुलतभावाला कळवलं, सही करत नाही, दिवाळीत येते, तेव्हा काकूसमोर बसून बोलू. वाडा राहील की जाईल, कुणास ठाऊक. वाट्यांवरून भांडणंही होतील.

तर मंडळी, जायचं असेल तर जूनपासून सप्टेंबरपर्यंतचे दिवस बरे. हिवाळ्यात ही ठिकाणं कमी वेळ उघडी असतात, म्हणून वेळा आधी बघून घ्या. रेनकोट घ्या, तिथे छत्री वाऱ्यानं उलटते. एका दिवसात दोनपेक्षा जास्त ठिकाणं करू नका. आणि गावाकडे एखादं जुनं घर असेल, तर निघण्यापूर्वी तिथे राहणाऱ्या माणसाला एक फोन करा. छपराची चौकशी आधी करा. भिंतींचं नंतर बघता येतं.