हिरव्या अक्षरांवर विसंबू नका
परवा एका कार्यालयात सर्व्हरच्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत ‘अ‍ॅक्टिव्ह, रनिंग’ झळकलं आणि तिथला तरुण निर्धास्तपणे चहाला निघाला. मी त्याला थांबवलं. यंत्राची खबरबात देखरेख करणाऱ्यांना पुरवणारी एसएनएमपीडी ही सेवा उबुंटूवर बसवली, की मूळ मांडणीत ती 127.0.0.1 या घरच्या पत्त्यावरच कान देते. बाहेरून यूडीपी पोर्ट 161 वर कितीही हाका मारा, उत्तर नाही! ती हिरवी अक्षरं दाखवणाऱ्या सिस्टिमसीटीएल या आज्ञेला प्रक्रिया जिवंत दिसते, कारण ती जिवंत असतेच. म्हणून माझं ठाम मत आहे, तपासणी दुसऱ्या यंत्रावरूनच व्हायला हवी. तिथून एसएनएमपीगेट या आज्ञेनं सिसअपटाइम हा आकडा विचारावा. ही सेवा कधीपासून जागी आहे, ते तो सेकंदाच्या शंभराव्या भागांत सांगतो. साधारण 497 दिवसांनी हा आकडा आपसूक शून्यावर येतो, तेव्हा तो घसरला म्हणून लगेच कुणाला झोपेतून उठवू नका. रेडहॅटवर तर सेवा बसवल्यावर स्वतःहून सुरूही होत नाही. तिथे ‘स्टार्ट’बरोबर ‘एनेबल’ही द्याच, नाहीतर वीज जाऊन आल्यावर सर्व्हर उठेल, देखरेख उठणार नाही.