अकरा महिन्यांचे बिऱ्हाड

नेरळ सोडल्यावर कर्जतपर्यंत आणि पुढे खोपोलीत शिरताना, संध्याकाळच्या लोकलच्या खिडकीतून एक गोष्ट हटकून नजरेत भरते. सहा-सात मजली इमारती उभ्या आहेत, रंग अजून ताजा आहे, गॅलऱ्यांना ग्रिल बसले आहे; पण लागलेले दिवे मोजायला हाताची बोटे पुरतात. शनिवारी त्यात थोडी भर पडते, रविवारी रात्री पुन्हा अंधार. आणि त्याच लोकलमधून उतरणारी माणसे, म्हणजे कारखान्यांतले कंत्राटी कामगार, रिसॉर्टवर राबणारी पोरे, शाळा-दवाखान्यांतले नोकरदार, स्टेशनाबाहेरच्या एजंटाला विचारत असतात, ‘परवडेल अशी एखादी जागा आहे का हो?’

जागा आहे, तिला कुलूप आहे. २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागात एक कोटी दहा लाखांवर घरे रिकामी आढळली. केंद्र सरकारच्या २०१७-१८ च्या आर्थिक पाहणीत आणखी एक आकडा आहे. १९६१ साली शहरांतल्या घरांपैकी ५४ टक्के घरे भाड्याची होती, २०११ मध्ये ती २८ टक्क्यांवर आली. मी तीसएक वर्षे बँकेत काढली, त्यातली बरीच कर्जाच्या टेबलावर. ‘सेकंड होम’साठी येणारे अर्जदार जागेची हवा, पाणी, शेजार यांबद्दल क्वचितच बोलत, पाच वर्षांनी भाव काय होईल, एवढेच त्यांना विचारायचे असे. मुदत ठेवीच्या पावतीत कोणी राहायला जात नाही, तसेच या घरांचे झाले आहे. त्यात २०१९ च्या अर्थसंकल्पाने दुसरे घरही ‘स्वतःच्या वापराचे’ दाखवायची मुभा दिली. तोपर्यंत बंद ठेवलेल्या दुसऱ्या घरावर कल्पित भाडे धरून कर लागत असे. तेवढी टोचणीही गेली.

खोपोलीतल्या एका खासगी दवाखान्यात काम करणाऱ्या, माझ्या ओळखीच्या एक नर्सबाई आहेत. नवरा पाताळगंगेच्या बाजूला कंत्राटी नोकरीत, एक मुलगी शाळेत. वन रूम किचन, भाडे सात हजार. पहिला करार एक जूनपासून होता, म्हणजे एप्रिलअखेर संपला. दुसरा एक मेपासून, तो मार्चअखेर संपला. तिसरा फेब्रुवारीअखेर. अकरा महिन्यांचा हिशेब असा दरवर्षी एक महिना मागे सरकत जातो, हे भाड्याने न राहिलेल्याच्या लक्षात येत नाही. तिसऱ्या वर्षी मुलगी दहावीला होती. ‘काका,’ बाई मला म्हणाल्या, ‘टेम्पो दाराशी उभा आणि ही गॅसच्या सिलिंडरवर बसून भूगोल वाचतेय.’ प्रत्येक वेळी एजंटाला एक महिन्याचे भाडे. शिवाय टेम्पो, आणि रंगाचे म्हणून डिपॉझिटमधून कापलेले पैसे. दलाली धरली तर बारा महिन्यांचे भाडे भरून अकरा महिन्यांचे घर मिळते. असा व्यवहार बँकेत कोणी माझ्यापुढे मांडला असता, तर मी त्याला पुन्हा बेरीज करायला बसवले असते.

हे अकरा महिने आले कुठून? नोंदणीच्या १९०८ च्या कायद्यात एका वर्षावरच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची होती. ती टाळायला अकरा महिन्यांची चाल पडली. तिला भीतीची जोड मिळाली ती मुंबईच्या भाडेकायद्यामुळे. १९४७ च्या त्या कायद्याने प्रमाणित भाडे १९४० च्या सप्टेंबरातल्या भाड्याशी बांधून टाकले. चाळीचा मालक भाड्याच्या पैशात चाळीचे कौलही बदलू शकेना. मग लोक भाडेपट्टा सोडून ‘लीव्ह अँड लायसन्स’कडे वळले, तर पुढच्या दुरुस्तीने १ फेब्रुवारी १९७३ रोजी ताब्यात असलेल्या लायसन्सधारकांनाही भाडेकरूचे संरक्षण दिले. त्या दिवसाची धास्ती मालकांच्या दोन पिढ्यांना पुरली. कायदा मुंबईचा होता, धास्ती मात्र साऱ्या राज्याने घेतली. गोठवलेली भाडी वाजवी नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९७ मध्ये म्हटले.

त्यानंतर कायदा बदलला, हे मात्र घराघरांत पोचले नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ सालचा, ३१ मार्च २००० पासून लागू. त्याच्या २४ व्या कलमानुसार लायसन्सची मुदत संपली की मालकाला जागा परत मिळण्याचा हक्क आहे, आणि न सोडणाऱ्याला दुप्पट दराने पैसे मोजावे लागतात. ५५ व्या कलमानुसार करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा. मुदत अकरा महिन्यांची असो की तीन वर्षांची, नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची. तशी नोंदणी नसेल तर अटींबाबत, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरू सांगेल ते खरे धरले जाते. म्हणजे ज्या पळवाटेसाठी अकरा महिने जन्माला आले, ती आपल्या राज्यात बुजून पंचवीसहून अधिक वर्षे झाली. आपण मात्र अजून तिथूनच वळसा घालतो आहोत.

माझा एक भाचा दुबईत नोकरीला आहे. कर्जतला त्याचा ब्लॉक आहे, तो बंद, किल्ली माझ्याकडे. पावसाळ्याआधी मी जाऊन खिडक्या उघडतो, बुरशी पुसतो. तिकडे वाळवंटात हा स्वतः परवडणारी जागा शोधत करामा, देरा, बर दुबई असा हिंडत होता. तिथे वर्षाचे भाडे पुढच्या तारखांच्या चेकनी आधीच द्यायचे. चेक जितके कमी, तितके भाडे कमी. (चेकबुकाला इतका मान दुसरीकडे मी पाहिलेला नाही.) ते शहर गरिबाला सोयीचे आहे असे कोणी समजू नये. एकेका खोलीत फळ्यांची विभागणी करून माणसे राहतात, आणि मजुरांच्या तळांची जी मोठी वस्ती आहे तिला सोनापूर म्हणतात. मुंबईकराला या नावाने काय आठवते, ते सांगायला नको. पण करार झाला की तो सरकारी ‘इजारी’ पद्धतीत नोंदला जातो. २०१३ च्या हुकमानुसार भाडे बाजारभावाच्या आसपास असेल तर वाढ नाही, आणि कितीही मागे पडले असले तरी नूतनीकरणात वाढ २० टक्क्यांच्या वर नाही. मालकाला स्वतः राहायला किंवा विकायला जागा हवी असेल, तर भाडेकरूला बारा महिन्यांची लेखी सूचना द्यावी लागते. जिथे भाच्याला कधी नागरिकत्व मिळण्याची आशा नाही, तिथे त्याला सूचनाच मुळी बारा महिन्यांची. आणि खोपोलीत जन्मलेल्या मुलीला अख्खे घर अकरा महिन्यांचे!

मालकांची बाजू खोटी आहे असे मी म्हणणार नाही. आयुष्याची पुंजी एका ब्लॉकमध्ये घालून त्याच्या भाड्यावर औषधपाणी चालवणारे निवृत्त लोक मी पाहिले आहेत. मुदत संपूनही भाडेकरूने जागा सोडली नाही तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, पण तारखा तिथेही पडतात. तरी एक आठवण सांगतो. नोकरीत असताना बदलीच्या प्रत्येक गावी बँक माझ्यासाठी घर भाड्याने घेई, आणि मालक स्वतः चहा घेऊन येत. त्यांचा विश्वास दरमहा न चुकता येणाऱ्या पैशावर होता. नर्सबाईंनीही आजवर एक महिना चुकवलेला नाही; त्यांना चहा कोणी दिला नाही. सोसायट्यांचे तर विचारूच नका. भाडेकरू ठेवला म्हणून घ्यायची रक्कम सेवाशुल्काच्या १० टक्क्यांवर नसावी, असा राज्याचा आदेश २००१ पासून आहे, तरी काही ठिकाणी ‘भाडेकरूंनी लिफ्टमध्ये सामान नेऊ नये’ असा फलक मी वाचला आहे.

सरकारकडून फार आशा ठेवण्यात अर्थ नाही. एमएमआरडीएने २००८ मध्ये भाड्याच्या घरांची योजना आणली, खालापूरच्या शेजारी पनवेलजवळ कोनला इमारतीही झाल्या; पण ती घरे शेवटी २०१६ च्या सोडतीत गिरणी कामगारांना मालकीने गेली. कामगारांना घरे मिळाली हे चांगलेच झाले. भाड्याची घरे मात्र राहिली ती राहिलीच.

म्हणून हिशेब आपणच मांडावा. लीव्ह अँड लायसन्स साठ महिन्यांपर्यंत करता येते. सात हजार भाड्याचा छत्तीस महिन्यांचा करार केला, तर मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का, म्हणजे साडेसहाशेच्या आसपास. नोंदणीचे शहरी भागात हजार. दरवर्षी पाच टक्के वाढ करारातच लिहून ठेवता येते. मालकाला मध्ये रिकाम्या महिन्याचा तोटा नाही, भाडेकरूला तीनदा दलाली नाही, आणि मुलीची आठवी, नववी, दहावी एकाच पत्त्यावर होते.

भाच्याला हे फोनवर सांगितले. ‘मामा, तीन वर्षे म्हणजे फार झाली हो. मी मधेच परत आलो तर?’

‘तिथल्या तुझ्या मालकाला स्वतः राहायला यायचे असेल तर तो तुला किती दिवस देतो?’

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘सहा महिन्यांच्या सूचनेचे कलम घाला.’

ते घातले आहे. आता सोसायटीच्या सेक्रेटरींना पत्र द्यायचे आहे.