कोपरा जुळावा, बोटं शाबूत राहावीत

दिवाळी दोन आठवड्यांवर आलेली असते. भिंतींना रंग लागून झालेला असतो, पडदे धुवायला गेलेले असतात आणि मग घरातल्या कुणाचं तरी लक्ष दाराच्या चौकटीभोवतीच्या पट्टीकडे जातं. वरच्या कोपऱ्यात दोन पट्ट्या भेटतात तिथे नखभर फट! पुट्टी भरून ती बुजवलेली असते, पण पॉलिशखाली पुट्टीची रेघ काही लपत नाही. पाहुण्यांची नजर नेमकी तिथेच जाते.

फट राहते ती तिरक्या कापामुळे. हाताच्या करवतीने आणि लाकडी साच्याने ४५ अंशांचा काप घेणारे कसलेले सुतार आजही आहेत. पण आता बहुतेक कामांवर मायटर सॉ दिसते. गोल पातं वर, पट्टी ठेवायचा पाट खाली. पाट डावी-उजवीकडे फिरवून कोन ठरवायचा, मूठ धरून पातं खाली आणायचं की काप तयार. हौशी मंडळीही हे यंत्र घरी आणू लागली आहेत. यंत्र सोपं आहे, पण ते खेळणं नव्हे. २५५ मिलिमीटरचं पातं मिनिटाला ४८०० फेरे घेतं, तेव्हा त्याचे दात ताशी सुमारे २३० किलोमीटर वेगाने धावत असतात. भरधाव मोटारीच्याही दुप्पट!

सुरू करण्यापूर्वी

या आकाराच्या यंत्राला साधारण १६०० ते १८०० वॅट वीज लागते. त्यामुळे ते टेबललॅम्पच्या छोट्या प्लगवर चालवू नये. गिझरसाठी असतो तसा, अर्थिंग असलेला १६ अँपिअरचा प्लग हवा. यंत्र डगमगत्या स्टुलावर किंवा नुसतं फरशीवर न ठेवता भक्कम टेबलावर बोल्टने आवळावं.

डोळ्यांवर गॉगल, कानांत बोळे आणि नाका-तोंडावर मास्क हवाच. लाकडाचा भुसा निरुपद्रवी वाटतो, पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाच्या धुळीची गणना कर्करोगकारक पदार्थांत केली आहे. हातमोजे मात्र घालू नयेत. पात्याने मोज्याचा धागा पकडला की पाठोपाठ हात ओढला जातो. त्याच कारणाने सैल बाह्या, ओढणी, पदर, मोकळे केस, लोंबतं मंगळसूत्र, बांगड्या, घड्याळ हे सगळं आवरावं किंवा काढून ठेवावं. पायात बूट हवेत, चप्पल नको. आणि मुलांना त्या खोलीत प्रवेश नाही, मग ती कितीही रडोत.

हात कुठे, पातं कुठे

पट्टी पाटावर सपाट आणि मागच्या आधाराला घट्ट टेकलेली असावी. पट्टी वाकडी असेल तर तिची फुगीर बाजू आधाराकडे ठेवावी, नाहीतर काप पूर्ण होता होता ती पात्याला चिमटते आणि उसळते. धरणारा हात पात्यापासून निदान १५ सेंटिमीटर, म्हणजे अर्धी फूटपट्टी दूर हवा. हात एकमेकांवरून ओलांडून कधीही धरू नये. तुकडा त्याहून छोटा असेल तर तो हाताने न धरता शिकंज्यात आवळावा. त्याहून बरं म्हणजे छोटा तुकडा लांब पट्टीतूनच कापून घ्यावा. लांब पट्टीचं लोंबतं टोक त्याच उंचीच्या ठोकळ्यावर टेकवावं.

यंत्र सुरू केल्यावर पात्याला पूर्ण वेग घेऊ द्यावा, मगच ते सावकाश खाली आणावं. काप झाला की बटण सोडावं, पण पातं तिथेच खाली धरून ठेवावं. ते पूर्ण थांबलं की वर उचलावं. फिरतं पातं वर घेतलं तर कापलेला तुकडा भिरकावला जातो आणि नुकताच घेतलेला काप खरवडतो.

पात्यावरचं झाकण बांधून ठेवण्याची खोड मोडलीच पाहिजे. पातं बदलताना किंवा अडकलेला तुकडा काढताना आधी प्लग उपसावा. वीज गेली तर बटण सोडून प्लगही काढावा. नाहीतर वीज परत येते ती यंत्र चालू करूनच.

काप स्वच्छ यावा म्हणून

पातं ८० दातांचं घ्यावं. कमी दातांचं पातं वासे-फळ्यांसाठी ठीक, पण नक्षीच्या पट्टीच्या कडा ते फाडतं. पातं पुढून आणि वरून लाकडात शिरतं, त्यामुळे चिरफळ्या उडतात त्या खाली आणि मागे. म्हणून पट्टीची दर्शनी बाजू वर किंवा आपल्याकडे ठेवावी. कापाच्या रेघेवर कागदी चिकटपट्टी लावली की पॉलिशची कड उडत नाही. पातं स्वतः सुमारे अडीच-तीन मिलिमीटर लाकूड खातं, तेव्हा काप रेघेच्या टाकाऊ बाजूला घ्यावा. पहिला काप थोडा लांब ठेवून मग हवा तेवढा सोलून काढावा. लाकूड पुन्हा जोडता येत नाही.

यंत्रावरच्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. फोटोच्या चौकटीला चार कोपरे, म्हणजे आठ काप. प्रत्येक कापात अर्ध्या अंशाची चूक झाली तर शेवटच्या कोपऱ्यात चार अंशांची फट पडते. आधी दोन टाकाऊ तुकडे ४५ वर कापून गुण्यात जुळवून पाहावेत. फट बाहेरच्या टोकाला दिसली तर कोन किंचित वाढवावा, आतल्या बाजूला दिसली तर किंचित कमी करावा. समोरासमोरच्या पट्ट्याही तंतोतंत सारख्या लांबीच्या हव्यात.

भिंतीलगतच्या पट्टीची गंमत वेगळी. घराचे कोपरे क्वचितच नेमके काटकोनात असतात. कोपरा मोजला आणि ९२ अंश भरला, तर त्याचे निम्मे ४६. पण यंत्रावर ४६ लावायचे नाहीत. यंत्राचं शून्य म्हणजे सरळ काप, म्हणून ९० मधून ४६ वजा करून ४४ लावायचे. एवढा हिशेब न केल्यामुळेच कितीतरी पट्ट्या वाया जातात.

आणि तरीही अपघात झालाच तर

जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून हात उंच धरावा. बोट तुटलं असेल तर तो भाग सलाइनने किंचित ओलसर केलेल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी. तुटलेला भाग थेट बर्फावर किंवा पाण्यात ठेवू नये. हळद, चहापूड यांत वेळ न घालवता तडक मोठं रुग्णालय गाठावं. वेळेत पोचल्यास बोट पुन्हा जोडलं जाऊ शकतं.

घरी सुतार कामाला आला असेल तर त्याच्यासाठीही एक गॉगल आणून ठेवावा. त्याच्या यंत्रावर झाकण नसेल तर कामाची घाई बाजूला ठेवून ते बसवायला सांगावं. यजमानाला फटीची चिंता असते. पण त्या दहा बोटांवर त्याचं घर चालत असतं.