गाणी ऐका, पण कान झाकून

पावसाळा संपत आला की कॉलेजच्या ग्राउंडवर गवत गुडघ्याच्या वर जातं आणि मग एके दिवशी सकाळी सात वाजता ग्रास कटरचा तो कर्कश आवाज सुरू होतो. हॉस्टेलवाले उशी कानावर ओढतात, दोन शिव्या घालतात आणि नाश्त्याला निघून जातात. आपली तक्रार तेवढ्यापुरती. पण ते मशीन खांद्याला अडकवून जो माणूस दुपारपर्यंत उन्हात फिरत असतो, त्याच्या डोक्याकडे कधी नीट पाहिलंय? कपाळापासून हनुवटीपर्यंत रुमाल घट्ट बांधलेला असतो आणि रुमालाच्या आत इअरफोन. साहेब गाणी ऐकतायत!

हे दृश्य फक्त आपल्या ग्राउंडवरचं नाही. भांडुपला एल.बी.एस. मार्गाच्या आजूबाजूच्या गाळ्यांमध्ये डोकावलात तर ग्राइंडरवरच्या, लेथवरच्या पोरांच्या कानात तीच वायर दिसेल. बऱ्याचदा एकाच कानात, दुसरा कान सेठच्या हाकेसाठी मोकळा. आणि सांगली-कोल्हापूरकडे उसाच्या सीझनमध्ये गेलात तर ट्रॅक्टरवाल्याने इअरफोनची भानगडच ठेवलेली नसते. मडगार्डवर थेट स्पीकर! मागे दोन ट्रॉल्या ऊस, पुढे इंजिनाची धडधड आणि त्याच्यावर मात करणारं गाणं. मागची गाडी हॉर्न वाजवून वाजवून थकते, याला पत्ताच नाही.

यावर आपल्याकडे उत्तर एकच : बंदी. "काम करताना गाणी नकोत" असा बोर्ड लावला की सेफ्टी झाली. माझं मत वेगळं आहे. गाणं काढून घेऊ नका, त्याच्या आधी कान झाका. क्रम चुकतोय, गाणं चुकत नाहीये.

आता आपण इंजिनीअर आहोत तर थोडं गणित होऊन जाऊ दे. पेट्रोलवरच्या ग्रास कटरचा आवाज चालवणाऱ्याच्या कानाशी साधारण ९५ ते १०० डेसिबल असतो. बिनकेबिनचा ट्रॅक्टर लोडवर असला की नव्वदच्या वर सहज जातो. अमेरिकेतली निओश ही संस्था आठ तासांसाठी ८५ डेसिबल ही मर्यादा सांगते आणि दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा करते. म्हणजे ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक आणि ९७ ला फक्त अर्धा तास. आपल्या माणसाचा कोटा नाश्त्याआधीच संपला!

त्यात साधा इअरफोन. तो बाहेरचा आवाज फारसा अडवत नाही. मग ९५ च्या गोंगाटात गाणं ऐकू यावं म्हणून माणूस काय करतो? व्हॉल्यूम फुल्ल. म्हणजे मशीनचे ९५ आहेतच, वर गाण्याचे शंभरच्या आसपास, तेही थेट कानाच्या भोकात. त्याला वाटतं की आवाजापासून सुटका झाली. प्रत्यक्षात एकाच्या जागी दोन मशीन्स सुरू झालेली असतात.

याच्या उलट करून बघा. आधी चांगला इअरमफ लावला. खोक्यावर २५ डेसिबल लिहिलेलं असतं, घाम, केस, चष्म्याची काडी यांतून हातात १५-२० पडले तरी पुष्कळ. ९५ चे ७५ ते ८० झाले. आता तेच गाणं ८० च्या आसपास ठेवलं तरी मजेत ऐकू येतं. शंभर आणि ऐंशी यांत वीसचाच फरक दिसतो, पण हा लॉगरिदमचा मामला आहे : कानात जाणारी ऊर्जा शंभर पटीने कमी. युरोपात गाणी ऐकवणाऱ्या इअरमफसाठी वेगळं स्टँडर्डच आहे, आतल्या गाण्याचा आवाज ८२ डेसिबलच्या पुढे जाऊ द्यायचा नाही. म्हणजे गाणं आणि सेफ्टी यांचं लग्न तिकडे कधीच लागलंय, आपण अजून पत्रिका बघतोय.

कोणी म्हणेल, एवढं कशाला, कापसाचा बोळा पुरे. नाही पुरत. कापूस बोळ्यासारखा कोंबला तर नावापुरताच आवाज अडतो. रुमालाचं तर बोलूच नका, तो धुळीसाठी ठीक.

खरी अडचण वेगळीच आहे. मोठ्या कारखान्यांत इअरप्लग फुकट वाटतात आणि ते खिशात राहतात. का? कारण त्या शांततेत आठ तास एकटं राहणं सोपं नाही. तोच तुकडा, तोच स्ट्रोक, आणि शेजारच्याशी बोलणंही बंद. आपल्याकडे काम आणि गाणं कधी वेगळं नव्हतं. जात्यावर ओव्या होत्या, मोटेवर गाणी होती, कापणीला भलरी होती. इंग्लंडमध्ये बीबीसीने १९४० मध्ये, ऐन युद्धात, कारखान्यांसाठी रोज गाण्यांचा कार्यक्रम सुरू केला आणि तो १९६७ पर्यंत चालला. फरक इतकाच की जात्याची घरघर बाईच्या आवाजावर मात करत नव्हती. टू-स्ट्रोक इंजिन करतं. म्हणून मला वाटतं, गाणं ही चैन नाही, ते इअरमफ डोक्यावर टिकवून ठेवणारं आमिष आहे. नुसता मफ माणूस अर्ध्या तासात काढून फेकेल, ऑक्टोबर हीटमध्ये तर दहा मिनिटांत. गाणं असेल तर ठेवेल.

माझे आजोबा परळच्या एका गिरणीत साचाखात्यात होते, १९८२ च्या संपापर्यंत. तिथे शेकडो साचे एकदम चालायचे, बोलणं सगळं हातवाऱ्यांनी. आज घरी त्यांना 'साठ' सांगितलं की ते 'आठ' ऐकतात. याचं कारण पुस्तकात सापडलं : गोंगाटाने आधी ४००० हर्ट्झच्या आसपासचं ऐकणं जातं आणि 'स', 'श' ही आपली अक्षरं त्याच वरच्या पट्टीत असतात. आवाज ऐकू येतो, शब्द ओळखू येत नाही. मग घरचे ओरडतात, ते म्हणतात "ओरडता कशाला", आणि भांडण. कानातल्या त्या केसांसारख्या पेशी एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या परिशिष्टात हा बहिरेपणा धंद्यातला आजार म्हणून नोंदलेला होता. पण आजोबांच्या कानाची नोंद कुठेही नाही.

मी कॉन्व्हेंटवाला, 'टेम्पररी थ्रेशोल्ड शिफ्ट' हा शब्द मला आधी कळला. आई त्याला 'कानाला दडे बसणे' म्हणते. काम संपल्यावर दडे बसले असतील तर तो कानाचा निरोप समजा. सकाळपर्यंत सुटतात म्हणून कोणी मनावर घेत नाही, इतकंच.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर वर्कशॉपचे सर मला उभं करतील. सगळीकडे गाणं चालणार नाही. पॉवर प्रेसवर जिथे हेल्परच्या एका हाकेवर बोटं वाचतात, जिथे डोक्यावरून क्रेन फिरते, फोर्कलिफ्ट रिव्हर्स येते, तिथे फक्त प्लग, गाणं नाही. उसाचा ट्रॅक्टर हायवेला लागला की तिथेही नाही. शेतात एकटा नांगरतोय, मैदानात एकटा गवत कापतोय, तिथे खुशाल. "कान झाकले तर मशीनचा बिघाड कळत नाही" हे मात्र मला पूर्ण पटत नाही. चांगला कान असेल तर मफमधूनही बेअरिंगची किरकिर कळते, कारण सगळेच आवाज खाली येतात. ज्याचे कान आधीच गेलेत त्याला कळत नाही, हे खरं.

गाणी वाजवणारे इअरमफ महाग वाटत असतील तर साधा मफ काही शेकड्यांत येतो. आत पातळ वायरचा छोटा इअरफोन. वायरीपाशी थोडा आवाज गळतो, पण चालेल. नियम एकच : मशीन बंद असताना आवाज लावायचा आणि मशीन सुरू झाल्यावर बटणाला हात लावायचा नाही. ऐकू येत नसेल तर मफ नीट बसवायचा, व्हॉल्यूम वाढवायचा नाही.

ग्राउंडवर येणारा माणूस ठेकेदाराचा असतो, आपल्या मस्टरवर नसतो, म्हणून त्याचे कान कोणाच्याच खात्यात पडत नाहीत. पुढच्या वर्षी गवत कापण्याची ऑर्डर निघेल तेव्हा त्यात पेट्रोल आणि ब्लेडच्या खाली 'इअरमफ, एक नग' एवढी ओळ घालायला ऑफिसला काय हरकत आहे? गाणी तो स्वतःची आणेल.